दुसऱ्याच्या अंगणातील आपले गाव

मालगुडी नावाचे गाव भारताच्या कोणत्याही नकाशावर नाही, हे पूर्णपणे ठाऊक असताना ते पाहण्यासाठी आम्ही उभयता इंदुराहून मोटारीने निघालो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अगदीच अन्याय्य होती असे म्हणवत नाही. वय दोघांचेही साठीच्या पलीकडचे. मोटारीच्या मागच्या भागात मुलाने घेऊन दिलेला तंबू, दोन वळकट्या, एक लहानशी गॅसची शेगडी आणि सौ.च्या आग्रहास्तव पोळपाट-लाटणे. हॉटेलात उतरण्याची ऐपत नव्हती असे नाही. परंतु आयुष्यभर रेल्वेच्या आरक्षणावर आणि नातेवाइकांच्या सोयीने प्रवास केलेल्या माणसाला, जेथे दिवस मावळेल तेथे पथारी पसरावी, अशी एक सुप्त हौस असते. ती आम्ही २०२३च्या डिसेंबरात पुरवून घेतली. सामानात आणखी एक वस्तू होती: कोकणातील चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी पाठवलेले, आमच्या सहीवाचून तसेच पडून राहिलेले एक संमतिपत्र. परतीची वाट कोकणातून जाणार होती म्हणून ते बरोबर घेतले होते, एवढेच. मालगुडीचा आणि त्या कागदाचा काही संबंध असेल, असे निघताना मनात आले नव्हते.

‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनवर लागत असे, ते दिवस १९८७च्या सुमाराचे. आमचे लग्न नुकतेच झाले होते. घर एकत्र, वाडा जुना, आणि दूरदर्शन संच काकांच्या खोलीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवविवाहितांना चारचौघांत शेजारी बसण्याची मुभा क्वचितच मिळे. परंतु संच सुरू झाला की सारे घर त्या खोलीत दाटीवाटीने बसे आणि दाटीला कोण काय म्हणणार? आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे पडद्यावर येत, एल. वैद्यनाथन यांची ती शब्दांवाचूनची धून सुरू होई, आणि पुढचा अर्धा तास आम्ही शेजारी बसत असू. मास्टर मंजुनाथचा स्वामी, गिरीश कार्नाड यांनी उभे केलेले त्याचे करारी वडील, अनंत नाग यांचा मिठाईवाला, ही सगळी माणसे आमच्या संसाराच्या आरंभाशी अशी जोडली गेली आहेत. तेव्हा मालगुडी पाहण्याची ओढ ही केवळ एका मालिकेची ओढ नव्हती, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आर. के. नारायण यांनी मालगुडी प्रथम वसवले ते १९३५च्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीत. शरयू नदी, मेम्पीचे डोंगर, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, अल्बर्ट मिशन शाळा, सारे काही तपशीलवार. फक्त पत्ता तेवढा नाही. तो त्यांनी हयातभर दिला नाही. मात्र पत्ता नसलेले हे गाव कोणी उचलून दुसरीकडे नेऊ लागले की ते अस्वस्थ होत. त्यांच्या ‘गाइड’ कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला, त्याचे चित्रीकरण राजस्थानात झाले. आपले दक्षिणेतील साधेसुधे गाव उदयपूर-जयपूरच्या राजवैभवात हरवले याचे त्यांना फार वाईट वाटले, आणि त्यावर त्यांनी चांगला खरमरीत लेखही लिहिला. चित्रपटवाल्यांचे म्हणणे असे की मालगुडी आम्ही ठेवू तेथे असेल. ऐकायला हे उद्धट वाटते. पण दोन दशकांनी शंकर नाग यांनी तरी दुसरे काय केले? मालगुडी त्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर, शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे या गावी नेऊन ठेवले. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारे, जळवांचे आणि नागराजांचे ते गाव. नारायणांच्या उन्हातल्या, धुळीच्या मार्केट रोडशी त्याचे साम्य ते किती? तरीही आम्हा प्रेक्षकांच्या मनात मालगुडीने जे रूप धरले ते आगुंब्याचेच. शंकर नाग १९९० साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेले. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला हा माणूस आपल्यालाही अगदी परका नव्हता.

तेव्हा कल्पित गावाला खरी जमीन शोधणे हा वेडेपणा आहे काय, असा पहिला प्रश्न. याचे उत्तर आम्हाला नाशिकला, वाटेतच मिळाले. पंचवटीत सीतागुंफेपुढे रांग होती. त्या रांगेतील कोणीही पुरावा मागत नव्हता. आपल्या देशात अर्ध्या डोंगरांवर सीतेची न्हाणी आहे आणि उरलेल्या अर्ध्यांवर भीमाची चूल. पुढे तीर्थहळ्ळीला तुंगेच्या काठी पोहोचलो, तर तेथे परशुरामाने आपला परशू धुतला ती जागा दाखवतात. आम्हा कोकणच्या मुळाच्या माणसांना तीही घरचीच वाटली. कथेवर प्रेम बसले की ते पाय टेकायला जागा मागते. ही मानवी रीत आहे, आणि तिच्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. (धारवाडहून जाताना मात्र जी. ए. कुलकर्णी यांची आठवण झाली. हा थोर कथाकार त्या गावात इंग्रजी शिकवीत राहिला आणि काळ्या चष्म्याआड वाचकांपासून स्वतःला जपत राहिला. त्यांचे घर कोठे म्हणून विचारण्याचे सौ.ने सुचवले होते. आम्ही गाडी थांबवली नाही.)

तंबूचे म्हणाल तर पहिल्या रात्री चांदवडच्या अलीकडे एका ओळखीच्या द्राक्षबागायतदाराच्या शेतात तो उभा करण्यास आम्हाला पाऊण तास लागला आणि पहाटे थंडीने एका बाजूची दोरी आखडून तो आमच्या अंगावर कलला. चौथ्या रात्रीपर्यंत मात्र हात बसला. तीर्थहळ्ळीच्या पुढे जंगल खात्याची हद्द लागते, तेथे वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही, आणि तेच योग्य. एका सुपारीच्या बागायतदाराने आपल्या अंगणात जागा दिली. सोललेल्या सुपारीचा वास, दूरवर पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि मोडक्या हिंदीत त्याने विचारलेला प्रश्न: “घर नाही का तुम्हाला?” त्याचा हेतू थट्टेचा नव्हता. स्वतःचे घर सोडून कापडाखाली झोपायला कोणी पैसे खर्चून येते, हे त्याला खरोखरच उमगले नसावे. आम्हीही नीट उत्तर देऊ शकलो नाही.

त्या परिसरात दोन घरे पाहण्यासारखी आहेत. एक कुप्पळी येथील कवी कुवेंपु यांचे वडिलोपार्जित घर. ते आता स्मारक आहे. चौक, खांब, भांडी, पाळणा, सारे जेथल्या तेथे, स्वच्छ आणि निःशब्द. तेथे चूल पेटत नाही. म्हणून आपण तेथे काहीही पाहावे, कोणाचे काही बिघडत नाही. दुसरे आगुंब्याचे दोड्डमने, म्हणजे शब्दशः ‘मोठे घर’. मालिकेतील स्वामीचे घर ते हेच. शतकाहून अधिक जुने, मधोमध चौक, कोरीव लाकडी खांब. पण येथे कुटुंब राहते. आल्यागेल्याला जेवू घालण्याची त्या घराची ख्याती आहे, आणि त्याचे ठरीव मोल ते मागत नाहीत. ज्याने त्याने आपल्या मनास येईल ते द्यावे.

आम्ही गेलो तेव्हा चौकात कोवळे ऊन उतरले होते. सौ. एका खांबाला टेकून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही छायाचित्र घेण्यासाठी मागे सरलो. दृश्य हुबेहूब होते. फक्त खांबापाशी निळ्या प्लास्टिकची एक घागर होती आणि दांडीवर एक टॉवेल वाळत होता. मालगुडीत प्लास्टिक कोठले? आम्ही घागर उचलून भिंतीआड ठेवली, टॉवेल बाजूला सरकवला, आणि छायाचित्र घेतले. ते उत्तम आले आहे. दोनच मिनिटांत कामाची एक बाई लगबगीने आली, इकडे तिकडे पाहू लागली. तिला घागर हवी होती. आम्ही ओशाळून ती काढून दिली. ती हसली आणि पाणी भरायला निघून गेली. तिच्या हसण्यात रोष नव्हता, सवय होती. आमच्याआधी किती जणांनी ती घागर भिंतीआड ठेवली असेल, कोण जाणे!

गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु त्या रात्री तंबूत ती आमच्या डोळ्यांपुढून हलेना. चित्रपटांसाठी उभारलेले खोटे गाव प्लायवूडचे आणि कापडाचे असते; काम संपले की ते मोडतात, आणि त्यात राहणारे कोणी नसते. आगुंब्यात तसे नव्हते. तेथे गावानेच आपले अंग उसने दिले होते. काम संपल्यावर यंत्रे गेली, नट गेले, आणि गाव आपल्या कामाला लागले: मुलांची लग्ने, सुपारीचे भाव, पावसाळ्यातील बुरशी, मोबाइलचा मनोरा, पत्र्याची छपरे. आम्हा प्रेक्षकांसाठी मात्र ते गाव १९८७च्या अर्ध्या तासात थांबून राहिलेले. त्याने बदलावे हे आम्हाला खपत नाही. पत्र्याचे छप्पर दिसले की आम्ही हळहळतो. ही हळहळ प्रेमाची खरी. पण ज्याच्यावर प्रेम करतो त्याला घागरसुद्धा जागेवर ठेवण्याची मुभा न देणारे हे प्रेम कोणत्या जातीचे?

येथे एक जुनी आठवण उफाळून आली, आणि ती आमच्या बाजूने साक्ष देणारी नाही. आमचा इंदूरचा वाडा १९९६ साली उभा होता. तेव्हा पुण्याचे एक विद्वान गृहस्थ आमच्याकडे उतरले होते. सागवानी खांब, देवघर, माजघरातील कोनाडे पाहून ते गहिवरले. आमच्या आईशी बोलताना तर त्यांनी वही काढली. “हे जुने शब्द आमच्याकडे आता राहिले नाहीत, पुन्हा एकदा म्हणा ना,” असे त्यांनी तीनतीनदा म्हटले. आई संकोचली. आपण काही चुकीचे तर बोललो नाही ना, असे तिने नंतर विचारले. जाताना त्यांनी आमचा हात हाती घेऊन सांगितले, “हा वाडा पाडू नका हो. ही आपली संस्कृती आहे.” त्या वर्षी पावसाळ्यात त्या संस्कृतीखाली अकरा पातेली लावली होती. वरच्या मजल्यावरची तुळई वाळवीने पोखरली होती, आणि सौ. गरोदर वहिनींना जिना उतरू देत नव्हती. आम्ही त्या गृहस्थांवर मनातून असे काही संतापलो की पुढे त्यांच्या पत्राला उत्तरही दिले नाही. १९९८ मध्ये आम्ही तो वाडा बांधकाम कंत्राटदाराच्या स्वाधीन केला. आज त्या जागी चार मजले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. छत गळत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना असे पाहुणे भेटले असतील. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांकडे पाहण्याची ही एक ठरलेली दृष्टी आहे: तुम्ही जुने राहा, म्हणजे आम्हाला येऊन पाहता येईल. आपण तिच्यावर चिडतो, कधी थोडे सुखावतोही. ग्वाल्हेर असो की बडोदे, आपले बोलणे, आपले सण, आपली पुरणपोळी कोणाच्या तरी मनातल्या मालगुडीचा देखावा असते. आणि मग आपण कोकणात किंवा देशावर ‘मूळ गावी’ जातो तेव्हा नेमके तेच करतो, फक्त हात दुसऱ्याचा असतो.

संमतिपत्राचे प्रकरण असे. आमचे पणजोबा विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर दरबारच्या नोकरीस आले. त्यांचे धाकटे बंधू राजापूर तालुक्यातील गावीच राहिले. घर सामाईक. त्या शाखेतील आमचा चुलतभाऊ आज तेथे राहतो. मातीच्या भिंतींचे ते घर उतरवून चिऱ्याचे, स्लॅबचे घर बांधावे अशी त्याची इच्छा, आणि कागदोपत्री नावे असलेल्या सर्वांच्या सह्या त्याला हव्या होत्या. इतरांनी दिल्या. आम्ही दिली नाही. नकारही दिला नाही. नुसते गप्प राहिलो, जे अधिक वाईट. कारण विचारले असते तर आम्ही फार उदात्त कारणे सांगितली असती. ते घर म्हणजे आमचे मूळ. त्या पडवीत पणजोबांनी मुळाक्षरे गिरवली. मुले विचारतील तेव्हा दाखवायला काय उरेल? मुलांनी अद्याप विचारलेले नाही.

विचाराची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्ही आमच्या सोयीसाठी दडपून ठेवणार नाही. परक्याच्या ओढीने नेहमी नुकसानच होते असे नाही. आगुंब्याला जाण्यापूर्वी आम्ही वाट वाकडी करून अरसाळूच्या रेल्वे स्थानकावर गेलो होतो. शिमोगा–ताळगुप्पा मार्गावरचे हे लहानसे स्थानक. मालिकेतील रेल्वेची काही दृश्ये येथे चित्रित झाली. तेथील जुनी इमारत दुरुस्त करून २०२०मध्ये रेल्वेने तेथे मालगुडीचे संग्रहालय उघडले, आणि ते काम मालिकेचे मूळ कलादिग्दर्शक जॉन देवराज यांच्याच हातून झाले. जे गाव कधी नव्हतेच त्याच्या नावाने एक खरी इमारत पडता पडता वाचली. राजम गाव सोडून जातो आणि स्वामी त्याला निरोप द्यायला स्थानकावर धावत येतो, त्या प्रसंगाने सौ. आजही व्याकूळ होते. ती फलाटावर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. त्यात खोटे काय होते? सगळेच जुने पाडा, असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही, आणि मतही नाही.

पण अरसाळूत खर्च रेल्वेने केला. फरक येथे पडतो, असे आम्हाला वाटू लागले आहे. जपण्याचा आग्रह धरणाऱ्याने जपण्याचा भार उचलला, तर त्याच्या आग्रहाला काही वजन आहे. आम्ही कोकणातील घरासाठी आजवर काय उचलले? गणपतीला अधूनमधून काही रक्कम. कायद्याने घरात वाटा जन्माने मिळतो. पण पावसाळ्यापूर्वी कौले परतण्यात, माकडांनी फोडलेली कौले बदलण्यात, दर पंधरवड्याला जमीन सारवण्यात आमचा वाटा शून्य. मग भिंत कोणती असावी हे ठरवण्यात तो अचानक बरोबरीचा कसा होतो? यावर कोणी म्हणेल की, तर मग पैसे पाठवा आणि घर राखा. आम्ही हिशेब केला. जुने घर नीट राखण्याचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनास पेलणारा नाही. आणि समजा पेलला असता, तरी सारवायला कंबरेत वाकणार ती आमच्या भावाची बायकोच. दुसऱ्याची कंबर विकत घेऊन आपली आठवण राखावी, हे मनास पटेना.

आगुंब्याचा घाट उतरलो. एकामागून एक येणारी ती तीव्र वळणे उतरताना सौ.ने डोळे मिटून घेतले होते. हेब्रीवरून उडुपी, पुढे समुद्राच्या कडेने कारवार, गोवा, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गावी पोहोचलो. तंबू अंगणात ठोकू असे आम्ही म्हणताच भावाची बायको म्हणाली, “भावोजी, घर असताना अंगणात कशाला? अजून पडलेले नाही ते.” आम्ही माजघरात झोपलो. रात्री छपरात उंदरांची धावपळ, आणि पहाटे भिंतीला हात लागला तर माती बोटांना चिकटून आली.

सकाळी पडवीत बसलो असता आम्ही भावाला म्हणालो, या घराचे तुला काहीच वाटत नाही का? तो झोपाळ्यावर बसला होता. जरा वेळाने म्हणाला, “दादा, तुम्ही चार वर्षांनी एकदा येता, म्हणून तुम्हाला ते जुने दिसते. आम्हाला नुसते गळके दिसते. आईला शेवटच्या पावसात तीन खोल्यांतून फिरवली, कोरडा कोपरा मिळेना म्हणून.” आवाजात तक्रार नव्हती. त्याची आई, आमची काकू, २०२१च्या ऑगस्टात गेली. संमतिपत्र आम्हाला त्यापूर्वी वर्षभर आधी पोहोचले होते.

हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. तारखा सर्व ठाऊक होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

सही केली. बायको-मुलांसह सारे घर जणू काही झालेच नाही असे आपापल्या कामाला लागले, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आणि इतके सगळे कळून, पेन खिशाला लावता लावता, आमच्या तोंडून निघून गेले, “माजघराचे ते दार मात्र फोडू नकोस. आम्ही नेऊ.” भाऊ म्हणाला, “न्या की.” मोटारीत बसल्यावर सौ.ने विचारले, “अहो, ते दार आपल्याकडे लावणार कुठे?”

२०२४च्या उन्हाळ्यात घर उतरवले. दार मालमोटारीने इंदूरला आले. आमच्या घरातील कोणत्याही चौकटीत ते बसत नाही. उंचीला वीतभर कमी आहे. सध्या ते बैठकीच्या भिंतीला टेकून उभे आहे. त्याची कडी भक्कम असल्याने नातवाचे ओले टॉवेल सूनबाई तिच्यावर वाळत घालते, आणि कोणी पाहुणे दार पाहायला आले की लगबगीने येऊन काढून नेते.